गांचो हसतो तो तुकडा

गांचो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या इमारतीच्या दारावर, अंगणातल्या अक्रोडाच्या बुंध्यावर आणि कारखान्याच्या फाटकावर त्याची दुखवट्याची पत्रकं लागली. तळमजल्यावरच्या पराश्केवा आजी चष्मा पुसून पुसून दारावरच्या फोटोकडे बघत होत्या.

"हा कोण गं?"

"गांचो, आजी. आपला गांचो," मी म्हटलं.

"हा? हा तर तुरुंगातून पळालेला कुणी दिसतो."

त्याची बायको, स्तोयना, माझ्या शेजारीच उभी होती. मी आजींना कोपराने ढोसणार, तेवढ्यात ती डोळे पुसता पुसता हसली. "बरोबर बोललात आजी. कारखान्याच्या ओळखपत्रावरचा आहे. फोटोवाल्याने 'हसायचं नाही' म्हणून दम दिला होता. जन्मात एकदाच तोंड मिटून बसला माणूस, आणि तेच नेमकं भिंतीवर लागलं."

दुसरा फोटो होता तो लग्नातला. त्यात गांचोच्या डोक्यावर केस होते आणि पोट नव्हतं. म्हणजे तोही गांचो नव्हेच. स्तोयनाने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "पण तो हसताना आहे गं. चालता-बोलता. तिकडे राजधानीत, सोफियात, त्या कामेनच्या सिनेमाच्या डब्यात बंद."

तिचा सगळा जीव पुढे वर्षभर त्या डब्यात अडकून राहिला.

कामेन आदल्या सप्टेंबरात आला होता. तरुण दिग्दर्शक, दाढी वाढवलेला, मफलर मात्र आईने विणलेला. बरोबर एक कॅमेरावाला आणि आवाज टिपणारा एक अबोल चष्मेवाला. "साध्या माणसांचा साधा दिवस" असं काहीतरी त्याला दाखवायचं होतं. कारखान्याच्या पक्षसचिवांनी, कॉम्रेड चोलाकोव्हनी, त्याला आधी यंत्रं दाखवली, मग बक्षिसं मिळालेल्या कामगारांची भिंत दाखवली. कामेनने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सरळ आमच्या अंगणात कॅमेरा लावला, कारण तिथे हिवाळ्याची तयारी चालली होती.

सप्टेंबरात आमचं अंगण म्हणजे दुसरा कारखानाच. पत्र्यावर मोठाल्या गोड लाल मिरच्या भाजल्या जात, त्या धुराने चौथ्या मजल्यावरच्या पडद्यांनाही वास लागे. बायका बादल्या उलट्या टाकून त्यावर बसत आणि काळी सालं सोलत गावाची उणीदुणी काढत. टोमॅटोचा रस उकळत असे. आणि मधोमध विटांवर गांचोचं पिंप. भरलेल्या बरण्या चिंध्यांत गुंडाळून त्या पिंपात उकळायच्या, आणि जाळ बघायचा तो गांचोनेच. तो कारखान्याचा ट्रक चालवायचा, पण जाळाच्या बाबतीत त्याचा तोरा रेल्वेच्या इंजिनवाल्यासारखा. "कुणी लाकूड घालायचं नाही! ज्याने घातलं त्याच्या बरण्या फुटतील आणि मी रडायला येणार नाही."

बरण्या दुकानात मिळत. साखर कधीमधी मिळे. झाकणं मात्र कधीच मिळत नसत. गावात एवढा मोठा कारखाना, रोज गाडीच्या गाड्या बरण्या झाकणं लावून परदेशी जात, आणि दुकानात झाकण नाही. मग झाकणं घरी कशी यायची? एप्रनच्या खिशातून. स्तोयनाची जिवाभावाची मैत्रीण नोन्का झाकणं बसवायच्या खात्यात होती. साऱ्या इमारतीला झाकणं तिच्याकडून येत. आम्ही ती शेजारून विरजण आणावं इतक्या सहज आणत असू. चोलाकोव्हांच्या फळीवरच्या बरण्यांनाही तीच झाकणं होती. त्यांची बायको ती स्वतः नोन्काकडून घेऊन जाई.

मी खाली उतरले नव्हते. माझा नवरा बोयान कारखान्याच्या कचेरीत, सावध माणूस. "कॅमेरा आहे तोवर बाल्कनीतूनच बघ," म्हणाला होता. तेव्हा मी बाल्कनीतून बघत होते; ती अंगणाच्या अगदी डोक्यावर, खालचं सगळं बोलणं ऐकू येई.

आवाजवाल्याने कानावरची यंत्रं काढून गळ्यात अडकवली होती. कामेन स्तोयनापाशी उकिडवा बसला. "मावशी, आता आवाज बंद आहे, नुसतं चित्र घेतोय. मोकळं बोला. ही झाकणं कुठून आणता हो?"

स्तोयनाने हात एप्रनला पुसले. "कुठून म्हणजे? आमच्याच कारखान्यातून. पेपरात रोज छापून येतं ना, कारखाना कामगारांचा आहे म्हणून? मी वाचलं, आणि घेऊन आले."

बायका फिदीफिदी हसल्या. पण गांचो! हातात लाकूड तसंच धरून त्याने मान मागे टाकली. टोपी पडली, डाव्या बाजूचा पडका दात दिसला, पोट गदागदा हललं, आणि ते हसू असं काही आलं की पराश्केवा आजींच्या कोंबड्या पळाल्या. श्वास परत मिळाल्यावर तो ओरडला, "लिहून घे रे कामेन! माझी बायको सोडली तर या देशात पेपरावर कुणाचाच विश्वास नाही!"

कामेन त्या महिन्यात स्तोयनाकडेच जेवला. हॉटेलातल्या सुपाला नावं ठेवायचा आणि तिच्याकडे बीन्सची दाट उसळ, पांढरं चीज, गांचोने घरी गाळलेली राकिया यांवर ताव मारायचा. निघताना गांचोच्या गळ्यात पडून म्हणाला, "दादा, पहिला खेळ तुमच्या अंगणात. चादर बांधू दोन खांबांना."

"चादर माझी, राकिया माझी," गांचो म्हणाला, "तू फक्त सिनेमा आण."

जानेवारीत थंडीने गारठलेल्या ट्रकला हँडल मारता मारता गांचो कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत उरला नाही.

चाळिसाव्या दिवशी गांचोच्या नावाने उकडलेले गहू वाटून झाल्यावर स्तोयना पोस्टात गेली आणि तिने सोफियाला फोन लावला. मी बरोबर होते. काचेच्या खोलीत ती बोलत होती आणि बाहेरच्यांना सगळं ऐकू येत होतं.

"झाला का रे सिनेमा?"

झाला होता. छान झाला होता. पण जरा थांबावं लागणार होतं.

"का?"

वर अडकलाय, मावशी.

"वर म्हणजे कुठे?"

वर, मावशी.

वसंत आला तसं कामेनचं बोलणं आणखी तुटक झालं. तिने सांगितलं, सिनेमा राहू दे, त्यातला एक फोटो तरी काढून पाठव, गेल्याला सहा महिने झाले की पुन्हा पत्रकं लागतात, त्यावर लावते. तर म्हणे डबेच कुलपात आहेत. सिनेमावर बंदी आली असं कुणी म्हणालं नाही. बंदी आली असं आमच्याकडे कुणीच म्हणत नसे. गोष्ट फक्त दिसेनाशी व्हायची, आणि माणसं तिच्याबद्दल विचारणं सोडून द्यायची. स्तोयनाने सोडलं नाही.

मग मे महिन्यात कारखान्याच्या सभागृहात सगळ्यांना बोलावणं आलं, कुटुंबासह. सिनेमा दाखवून कामगारांचं मत घेणार होते. स्तोयनाने केस धुतले, काळा पोशाख इस्त्री केला आणि पहिल्या रांगेच्या मागेच जागा धरली. मी तिच्या शेजारी. कामेन पुढे, आमच्याकडे पाठ करून.

दिवे गेले आणि आमचं अंगण उजळलं. काय सांगू! लोक खुर्च्यांवरून अर्धे उठले. "ए, ती बघ माझी बादली!" "अगं नोन्के, किती जाडी दिसतेस!" "तू मागून दिसतेस म्हणून बरंय!" दुकानापुढची रांग आली तेव्हा तर टाळ्या पडल्या, कारण रांगेत सगळे ओळखीचे. आणि मग स्तोयनाचा आवाज आला. आवाज बंद नव्हता तर. तिने माझा हात घट्ट दाबला. "कामगारांचा म्हणून... मी वाचलं, आणि घेऊन आले." आणि गांचोने मान मागे टाकली.

सारं सभागृह त्याच्याबरोबर हसलं. स्तोयनाही हसली, तोंडावर रुमाल धरून, आणि पापणी न लवू देता बघत राहिली.

दिवे लागले. चोलाकोव्ह उठून उभे राहिले, कोटाची बटणं लावली आणि सगळ्यांकडे बघत राहिले. हसू एकेका रांगेतून विझत गेलं.

"हसलात," ते म्हणाले. "आता सांगा. हे आपलं आयुष्य आहे? रांगा, धूर, चोरी? ही आपली माणसं?"

आणि मग उठली ती नोन्का. तिचा गळा लाल झाला होता.

"कॉम्रेड सचिव, मी हसले ते शरमेने. आम्हाला दिग्दर्शकांनी सांगितलं तसं आम्ही केलं. आणि त्या झाकणांचं मला काही माहीत नाही. ते स्तोयनाला विचारा."

स्तोयनाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. रस्त्यात कुणी अनोळखी माणसाने नावाने हाक मारली तर बघावं, तसं.

एकदा सुरुवात झाली की मग अवघड नसतं. बोयानच्या कचेरीतले उठले, ट्रकवाले उठले. गांचोच्या शेजारी ट्रक लावणारे, त्याची राकिया प्यायलेले. चोलाकोव्ह म्हणाले, ज्यांना आपली बदनामी झाली असं वाटतं त्यांनी पुढे येऊन नाव सांगावं, त्यांना सिनेमातून वगळण्यात येईल. लोक पुढे आले आणि आपोआप रांग लागली. रांगेची सवय होतीच. पराश्केवा आजीही काठी टेकत गेल्या. "मलाही काढा. मी टोमॅटो खाताना दिसते, लोक म्हणतील उपाशी आहे."

स्तोयना जागची हलली नाही.

"कॉम्रेड स्तोयना?" चोलाकोव्हांनी विचारलं.

"मला ठेवा."

"म्हणजे?"

"मला ठेवा आणि त्यालाही ठेवा. आमची काही बदनामी झाली नाही."

कामेन तेव्हाही मागे वळला नाही. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

दुपारी मात्र तो तिच्याकडे आला. मी तिच्या स्वयंपाकघरात होते. तिने न विचारता ताट वाढलं आणि त्याने न विचारता खाल्लं. गांचोने स्वतः ठोकलेल्या खुर्चीत बसला होता.

"आवाज बंद आहे म्हणाला होतास," स्तोयना म्हणाली.

"मावशी, तसं म्हटलं नसतं तर तुम्ही तशा बोलला असता का?"

"नसते बोलले."

"बघा." जणू त्यात सगळं आलं. मग त्याने ताट सरकवलं. "सगळ्यांनी नावं काढून घेतली. तुम्हीही घेतलंत तर सिनेमाच उरत नाही, डबे भट्टीत जातील. तुम्ही आहात म्हणून मला त्यांच्याशी बोलता येईल. थोडी काटछाट करावी लागेल. पण गांचोदादाला मी हात लावू देणार नाही. माझा शब्द."

"हसतो तो तुकडा?"

"पूर्ण. मान मागे टाकण्यापासून टोपी उचलेपर्यंत."

"आणि माझं बोलणं?"

"ते काढू. तुम्हाला त्रास नको."

स्तोयनाने विचार केला तो क्षणभरच. "माझं राहिलं काय, गेलं काय. त्याला ठेव." आणि वाटेत खायला त्याला मिरच्या-टोमॅटोच्या चटणीची, ल्युतेनित्साची, बरणी दिली. बरणी कोटाखाली लपवून तो जिना उतरला.

मला तेव्हा शंका आली होती असं मी म्हणणार नाही. मला वाटलं, चला, एक तरी माणूस शब्दाचा निघाला.

जूनमध्ये स्तोयनाला सोलायच्या खात्यातून काढून मागच्या आवारात क्रेट धुवायला लावलं. कारण सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. सहा महिन्यांच्या पत्रकावर पुन्हा तोच तुरुंगातून पळालेला गांचो लागला. "वर्षाच्या वेळी नवा लावू," ती म्हणायची. "कामेन खपतोय. त्या लोकांशी भांडणं म्हणजे सोपं आहे का?"

सप्टेंबरात बायकांनी मिरच्या भाजायला घेतल्या आणि मग लक्षात आलं की पिंप स्तोयनाच्या तळघरात. कुणी वर जायला तयार होईना. शेवटी नोन्का गेली. मी समोरच राहते, दार उघडं होतं.

"स्तोयने, पिंप हवं होतं."

"ने की. पिंपाने तुझं काय वाईट केलंय?"

नोन्का हलेना. मग एप्रनच्या खिशातून तिने कागदात बांधलेला गठ्ठा काढला. झाकणं. "तुझी. दरवर्षीची."

"कसली झाकणं?" स्तोयना म्हणाली. "तुला तर झाकणांचं काही माहीतच नाही."

"अगं, माझा मुलगा तेव्हा लष्करी शाळेत जायचा होता, घरावर ठपका आला असता तर... तुला काय कळणार, तुला मूलबाळ..." नोन्का बोलता बोलता थांबली, पण उशीर झाला होता.

"नाही मला मूलबाळ," स्तोयना म्हणाली. "नवरा होता. किल्ली खिळ्याला आहे, घे, आणि पिंप परत आणताना आतून पुसून आण. तो ओलं ठेवू देत नसे."

त्या वर्षी तिने बरण्या भरल्याच नाहीत.

नोव्हेंबरात मोठा रशियन युद्धपट आला आणि त्याच्या आधी दाखवायच्या छोट्या माहितीपटाची पाटी सिनेमागृहाबाहेर लागली. कामेनचं नाव होतं. स्तोयना धापा टाकत माझ्या दारात आली. "अगं, चल! ऊठ, कोट घाल! आणला त्याने! चादर नाही तर नाही!"

आम्ही मधल्या रांगेत बसलो. सिनेमा सुरू झाला तो झळझळीत यंत्रांनी. पांढऱ्या टोप्यांतल्या मुली, परदेशी निघालेल्या गाड्या. आमचं अंगण नव्हतं. रांग नव्हती. निवेदकाचा आवाज पुढारी भाषणात लावतात तसा भरदार. आणि मग तो आवाज जरा खाली आला, दुःखी झाल्यासारखा. "पण आपल्यात अजूनही काही जण आहेत..." स्तोयना झाकण हातात धरून ओठ हलवताना दिसली, मुकी. "...जे सर्वांच्या कष्टाचं फळ एप्रनमध्ये लपवून घरी नेतात." आणि गांचो. मान मागे गेली, टोपी पडली. सगळं होतं, शब्दाप्रमाणे, एक कणही कापला नव्हता. "...आणि वर त्यावर निर्लज्जपणे हसतात. अशा माणसांना आपल्यात जागा नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, हा तर ट्रकवाला गांचो." दुसरं कुणी म्हणालं, "गप, तो मेलाय."

स्तोयना युद्धपट सुरू होण्याआधी उठली. बाहेर पोस्ट अजून उघडं होतं. तिने फोन लावला. या वेळी काचेच्या खोलीतून फारसं काही ऐकू आलं नाही, कारण बोलत होता तो कामेनच. सिनेमाला बक्षीस मिळणार आहे, त्याला पुढचं काम मिळालंय, असं काहीसं, तिने नंतर सांगितलं. मग तिने रिसीव्हर कानापासून जरा दूर धरला आणि मी शब्द ऐकले: "मी शब्द पाळला ना, मावशी? गांचोदादाचा एक तुकडासुद्धा कापू दिला नाही."

"नाही कापलास," स्तोयना म्हणाली. "त्याच्याच खुर्चीत बसून जेवला होतास रे तू." आणि तिने फोन ठेवला.

मला वाटलं, आता ती त्या सिनेमागृहाकडे फिरकणार नाही. वाटेत मी तिला समजावत होते, की लोक विसरतात, आठवडाभरात दुसरा सिनेमा येईल. ती एकदम थांबली. "आठवडाभरच आहे का?"

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला ती पुन्हा निघाली. एकटी जाऊ देववेना म्हणून मीही गेले. यंत्रं दिसू लागली तशी तिने पर्समधून कापसाचा बोळा काढला, त्याचे दोन तुकडे केले आणि दोन्ही कानांत घट्ट कोंबले. वरून रुमाल बांधला. मग हात मांडीवर ठेवून बसली.

निवेदक बोलत होता. मी ऐकत होते, ती बघत होती. गांचोने मान मागे टाकली तेव्हा तिचा चेहराही तसाच जरा वर झाला. टोपी त्याने उचलली आणि पुढचं दृश्य आलं. तिने रुमाल सोडला नाही.

बाहेर आल्यावर तिने कानांतला कापूस काढला.

"एक सांग," ती म्हणाली. "काल माझ्या कानात काही शिरलंच नाही. तो हसतो तेव्हा त्याचा आवाज येतो का? म्हणजे त्याचा स्वतःचा?"

मी खोटं बोलू शकले असते. "नाही गं. त्या माणसाचं बोलणंच चालू असतं."

तिने मान हलवली. "तरीच," म्हणाली. "मला वाटत होतं, माझ्या कापसामुळे ऐकू येत नाही."

मग संध्याकाळच्या खेळाचं तिकीट काढायला ती परत वळली.